मेन बंद, लाइन डेड

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमची सिग्नल्सची तुकडी सिक्कीममध्ये होती. कॅम्पचा जनरेटर आणि वायरिंग माझ्या पार्टीकडे होतं. मी हवालदार, वांकिडीचा. नाईक गंगाराम माझ्या हाताखाली, शेजारच्याच भीमपूरचा. कामाचा नियम एकच. लाइन तपासणारा रिपोर्ट देतो, पुढचा जवान त्या रिपोर्टवर तारेला हात घालतो. पुन्हा विचारायचं नाही.

कापसाच्या हंगामात आम्ही दोघे सोबतच सुट्टीवर आलो. आदल्या सुट्टीत मी वांकिडीत एका व्यापाऱ्याचं जुनं घर घेतलं होतं. लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या, कापडी आवरणाच्या तारा. "वायर सडली हाये," असं दहादा म्हणून मी भाव पाडला. आता मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. दर चढल्याशिवाय विकायचा नाही, हा माझा हट्ट.

गंगाराम एक दिवस जेवायला आला. जेवणं झाली आणि माझी माय म्हणाली, "काही जळून राह्यलं का रे?"

कापसामागून करपल्याचा वास येत होता. माय बादली घेऊन धावली.

"माय, पानी नको! तिथं वायर हाये!"

गंगाराम खोलीच्या दारात बसून बूट काढत होता.

"बूट काऊन काढतो?"

"कापसात पायतन घालून कोन जाते, उस्ताद? लक्ष्मी हाये. तुमाले तर व्यापाऱ्याची हवा लागली."

मी ओसरीवर जाऊन मेनचा खटका ओढला. पंखा थांबला. दिवा विझला.

"मेन?" आतून आवाज आला.

"बंद. लाइन डेड."

"लाइन डेड," त्याने नियमाप्रमाणे रिपोर्ट परत म्हटला. कापूस सारत तो भिंतीपर्यंत गेला. कापसाखालची मातीची जमीन ओल धरलेली होती. धुमसणारी पट्टी त्याने हाताने उपटली.

त्याचा आवाज आला नाही. माय किंचाळली. मी कोरड्या काठीने त्याचा हात तारेपासून सोडवला. दवाखान्यात पोचण्याआधी तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंकेतून टेस्टर काढला. वरच होता. मेन बंद, तरी त्या तारेला लावताच टेस्टर पेटला. जुन्या मिस्त्रीने खटका करंट आणणाऱ्या फेजवर न बसवता परतीच्या न्यूट्रलवर बसवला होता. अशा घरात दिवे विझतात, पण तारेत करंट राहतो. जुन्या घरात राहणाऱ्यांना एवढंच सांगतो. खटका ओढला म्हणून तारेला हात लावू नका. टेस्टर आधी चालू लाइनवर पारखा, मग त्या तारेला लावा. पेटला तर मागे फिरा आणि खांबावरून लाइन तोडायला लाइनमन बोलवा. आणि कापूस वायरीला टेकवून रचू नका.

मी व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याची कॉलर धरली. "सडकी वायर माया गळ्यात मारली!"

तो हलला नाही. "हवालदारसाहेब, सडली हाये हे तुमीच सांगत होते. त्याचा भाव बी कापून घेतला. मंग बदलली काऊन नाही?"

मी कॉलर सोडली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरून मी बाहेर पडलो.

वांकिडीत अजून म्हणतात, एक फौजी आत गेला, एक बाहेर उभा राह्यला. ऐकलं की डोकं फिरतं, भांडणही होतं. मेनवर कोणीतरी उभं राहावंच लागतं, हे त्यांना काय कळणार? पण रिपोर्ट माझा होता. त्याचं उत्तर भांडणात सापडत नाही.

तेराव्याच्या आधी मी गंगारामचे बूट घेऊन भीमपूरला गेलो. त्याचे वडील अंगणात वेचलेल्या कापसाची पोती शिवत होते. बूट त्यांनी दोन्ही हातांत घेतले.

"पायातून कोनं काढले?"

"त्यानंच काढले, बाबा. कापसात जायच्या आधी."

म्हाताऱ्याने बुटांवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "बरं केलं पोरानं. इसरला नाही."

मी खाली पाहिलं. त्यांचा कापूस अंगणभर सांडला होता. मी बूट घालून त्यात उभा होतो.