रिकाम्या काट्यावर चार क्विंटल

ऊस मोजायच्या काट्यावर गाडी नव्हती, बैल नव्हते, माणूस नव्हता. तरी केबिनमधली दांडी चार क्विंटल दाखवत होती.

“रोज दुपारी असंच,” कारखान्याचे मॅनेजर म्हणाले. “मजूर म्हणतात, भूत उभं राहतं. भुताला मी सस्पेंड करू शकत नाही. कांबळ्यांना करू शकतो. संध्याकाळपर्यंत कारण सांगा.”

कांबळे काट्यावरचे क्लार्क. साखर कारखान्यात राहून चहात जादा साखर मागायलाही लाजणारा माणूस. दुष्काळामुळं ऊस आधीच थोडा, त्यात वजनात घोळ. सगळे त्यांच्याकडे संशयानं बघत होते.

मी काटे दुरुस्त करणारा. सकाळी उस्मानाबादहून एस.टी.नं आलो, सरकारी शिक्क्याची वजनं ठेवून काटा तपासला. किलोचाही फरक नव्हता. मी टेचात ‘ओके’ लिहून जेवायला बसलो आणि दुपारी हे.

तेवढ्यात कांबळ्यांची मॅट्रिकातली मुलगी सुनंदा आणि तिचे तीन वर्गमित्र बॉयलरची राख घेऊन आले. मला न विचारता काट्यावर पसरू लागले.

“हे काय चाललंय?”

“भुताची पावलं उलटी असत्यात, काका. उमटली की कळंल,” सुनंदा म्हणाली. “वास काढायला जमादार पायजे होता. पण दुपारी त्यो कुठं जातो, कुणास ठाव.”

जमादार हा त्यांचा कुत्रा. नाव एवढं भारदस्त, पण कोंबडी अंगावर आली तरी पळायचा.

पंधरा मिनिटं आम्ही सगळे, मॅनेजरसुद्धा, राखेकडं बघत बसलो. एक पाऊल उमटलं नाही. दांडी चार क्विंटलवरच.

“वर कुणी न्हाय, मग खाली असंल,” सुनंदा म्हणाली. “तुमी खड्ड्यात उतरून बघितलं व्हय?”

बघितलं नव्हतं. काट्याखालच्या खड्ड्यात विंचू असतात आणि मी विंचवाला भितो. “तांत्रिकदृष्ट्या गरज नव्हती,” मी म्हणालो.

ती बॅटरी घेऊन उतरली. लाजेखातर मीही उतरलो.

खड्ड्यात लोखंडी लिव्हर असतात. वरचं मोठं ओझं ते टप्प्याटप्प्यानं लहान करून केबिनमधल्या दांडीपर्यंत नेतात. त्यामुळं शेवटच्या लिव्हरवर चार किलो पडले, तर केबिनमध्ये चार क्विंटल दिसतात. त्याच लिव्हरवर हनुवटी आणि पुढचे पाय टाकून जमादार गारव्याला झोपला होता. खड्ड्याच्या तोंडाची झडप तुटलेली होती, तिथून शिरायचा. सुनंदानं त्याला उचललं आणि वर कांबळे ओरडले, “शून्य!”

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, “रिपोर्टात कुत्रा नको. चेअरमन हसतील. काहीतरी टेक्निकल लिहा.”

मी ‘लिव्हरवर बाह्य भार’ लिहायला घेतलंही.

“न्हाय काका,” सुनंदा म्हणाली. “कुत्राच लिहा. नुसता भार लिहिला, तर त्यो बाबांनीच टाकला म्हणतील.”

मला माझीच लाज वाटली. मी लिहिलं: ‘कारण, कुत्रा झोपला होता. क्लार्कचा दोष नाही.’ मॅनेजरांनी तोंड वाकडं करून सही केली. कांबळ्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

काटा तपासायचा तर तक्रार ज्या वेळेची, त्याच वेळी तपासावा. सकाळचा ओके दुपारी कामाला येत नाही.