सोळा मडक्यांची सांदवाडी

वसंतपंचमीच्या दिवशी मी सांदवाडीत पहिली कुदळ मारली, तेव्हा थोरला भाऊ कोठ्यात बैलांच्या गळ्यात नव्या पितळी घंटा बांधत होता. सांदवाडी म्हणजे आमच्याकडे घरामागची, काट्यांच्या कुंपणातली जागा. आमची चांगली ऐसपैस होती. बाप जिवंत होता तोवर तिथे भेंडी, दोडकी, काकडी आणि डांगराचे वेल असायचे. डांगर म्हणजे ते वासाचं, गोड खरबूज. दिवाळीच्या आधी बाप गेला आणि ती जागा तशीच पडून राहिली.

आमचं गाव मूर्तिजापुराच्या उत्तरेला, पूर्णेच्या अंगाला. सगळी काळी जमीन. त्या सालांत सातासमुद्रापलीकडे कुठल्या मुलखात लढाई लागली होती, तिथला कापूस बंद पडला होता, म्हणून विलायतेला आमचा लागत होता. आम्हाला ठाऊक ते एवढंच. पण तेवढ्यावर सगळं वऱ्हाड हललं. लोकांनी ज्वारीची वावरं मोडली, तुरीची तासं मोडली, खळ्याच्या कडेपर्यंत सरकी टोचली. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांचा धुराळा दिवसभर खाली बसत नसे. घरोघर पितळेची ताटं आली आणि त्या ताटांत रोज चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी. बाजारात हिरवं म्हणून काही दिसायचं नाही. भाजी पेरणार कोण? भाजी पेरणाऱ्याला लोक खुळा म्हणत.

तो खुळा मी झालो. भावाने ठरवलं होतं की येत्या मिरगाला सांदवाडीतही कापूस. मी म्हटलं, नाही. दोन दिवस आमचं यावरच चाललं. तो घरात मोठा, त्याचा शब्द शेवटचा, पण माझी मानही काही कमी ताठ नव्हती. शेवटी तो म्हणाला, "मंग असं कर लहान्या. आखाजीले बाच्या घागरीवर यातलं डांगर ठेवून दाखव. नाई ठेवलं तं दुसऱ्या दिवशी मी नांगर घालतो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात आणि तिच्या तोंडावर फळ ठेवतात. बापाने जन्मभर आजाच्या घागरीवर आपल्या हातचं डांगर ठेवलं होतं. आता ही बापाची पहिली आखाजी. आणि शेतीचं सालही त्याच दिवशी पालटतं, कोणत्या तुकड्यात काय पेरायचं ते तेव्हाच ठरतं. भावाने वायदा बरोबर दिवसाचा धरला होता. मी म्हटलं, ठीक.

कुदळ मारता मारता खणकन आवाज झाला. माती सारली तर मडक्याचं तोंड. आता त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या डोक्यात पैसा. मी भावाला हाक मारली. तो घंटा टाकून धावत आला. दोघांनी मिळून मडकं उकरलं, फोडलं. आत चिखल. मग दुसरं निघालं, तिसरं निघालं, असं करत चौदा निघाली. सगळी मानेपर्यंत पुरलेली, सगळ्यांत चिखल नाहीतर नुसती हवा. भाऊ घामाघूम झाला होता. बा म्हातारपणी काय काय पुरत होता देव जाणे, असं म्हणून तो हसला, मीही हसलो. माझी बायको मागच्या दारात सूप घेऊन उभी होती, पदर कपाळाखाली ओढून. ती हसली नाही. खापरं मी टोपल्यात भरून उकिरड्यावर टाकली आणि जमीन साफ केली म्हणून मिशीवर हात फिरवला.

बी मी नदीतल्या बागवानाकडून आणलं. हा मुसलमान म्हातारा दरसाल पाणी उतरलं की पूर्णेच्या वाळूत डांगरवाडी लावायचा. गाव त्याला चाचा म्हणे. बी टोचलं आणि पाणी द्यायला लागलो. आमच्या विहिरीला पाणी चिकार, बैलांनी मोट ओढायची, दांडातून वाफ्यात सोडायचं. मी हात राखला नाही. जमीन कधी सुकू दिली नाही. सहाव्या-सातव्या दिवशी कोंब वर आले आणि मी दोन दिवस गावात छाती काढून फिरलो.

मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मला वाटलं पाणी कमी होतंय, मी आणखी दिलं. वाफ्यांवर पांढरी साय आली, पायाखाली ती करकर वाजायची. शिवरात्रीपर्यंत एक वेल जिवंत राहिला नाही. माती अशी घट्ट झाली होती की अंगठा रुतत नव्हता.

माझी चूक असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी सरळ नदीवर गेलो भांडायला, की चाचा, तुमचं बी सडकं. चाचा वाळूत बसून वेलांना काड्यांचा आडोसा करत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि पाणी कुठलं देता ते विचारलं. विहिरीचं, मी म्हटलं.

"त्या पान्यात दाल शिजते का तुमच्या घरी?" त्याने विचारलं.

मला काय ठाऊक? मी कधी चुलीजवळ बसलो होतो! चाचा म्हणाला, "घरी जा भाऊ, बायकोले इचारा. ते सांगीन. मंग मले शिव्या द्याले या."

पूर्णेच्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. गुरं पितात, कपडे धुतात, पण माणसाचं पिणं-रांधणं नदीतल्या झिऱ्यावर. वाळूत हातभर-दोन हात खड्डा केला की गोडं पाणी झिरपतं, तो झिरा. ते पाणी बायका आणतात. आम्ही पुरुष तांब्या उचलून पितो. खारं आणि गोडं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जे रोज दुसऱ्याच्या डोक्यावरून घरात येतं, त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

बायको भाकरी थापत होती. मी विचारलं, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का. तिने मान वर केली नाही. दिवसभर उकळली तरी टणक राहते म्हणाली. मग बा वेलांना पाणी कुठलं द्यायचा? ती म्हणाली, झिऱ्याचं. कावडीनं आणायचे रोज सकाळी, आणि वेलांमधल्या मडक्यांत भरून ठेवायचे. मडकं झिरपतं, मूळ त्याला बिलगतं, थोडक्यात भागतं. मी ती कावड पाहिली होती. मला वाटायचं म्हातारा सुनांचं ओझं कमी करून राहिला.

"अन् मी थे मडकी फोडत होतो तवा तू दारात उभी होती," मी म्हटलं. "बोलली काहून नाई?"

"भासरे होते ना तुमच्या बाजूले. त्यायच्यासमोर बोलू कशी?" तिने भाकर तव्यावर टाकली. "अन् मंग तुमी घरात आले तं मिशा पिळत आले. इचारलं कोनं मले?"

भासरा म्हणजे थोरला दीर. त्याच्यासमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायचं नाही ही आमच्या घराची रीत, आणि मला त्या रीतीचा अभिमानही होता.

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडे गेलो. सगळं गाव तांब्या-पितळेच्या मागे लागलेलं, त्यामुळे त्याचा आवा कित्येक दिवसांत पेटला नव्हता. एक माणूस एकदम सोळा मडकी मागतो म्हटल्यावर तो मला न्याहाळून पाहू लागला, घरात कोणी मेलं की काय म्हणून. मडकी भाजून होईतो मी वाफ्यांवरची पांढरी माती वीतभर खरवडून कुंपणाबाहेर फेकली आणि नदीचा गाळ टोपल्यांनी आणून भरला. गाडी मागितली नाही. गाडी कापसाला जुंपलेली होती आणि मागायची माझी तयारीही नव्हती. चाचाने दुसरं बी दिलं, शिव्यांची आठवण करून दिली, आणि सांगितलं की दिवस थोडे राहिलेत, तेव्हा बी भिजवून फडक्यात बांध, उबदार राखेत ठेव, मोड आल्यावरच लाव. तसं केलं. सोळा मडकी मानेपर्यंत पुरली, प्रत्येकाभोवती चार बिया. मधल्या जागेत भेंडी, काकडी, दोडकी.

मग कावड सुरू झाली. झिरा घरापासून अर्धा कोस. सकाळी दोन खेपा, उन्हं उतरल्यावर एक. चावडीवर बसणाऱ्यांना बरा विषय मिळाला. एकजण म्हणाला, लगन लागलं का रे पूर्णेशी, दोन्ही वक्ताले जाऊन राहिला सासुरवाडीले. मी थांबलो नाही, पाणी सांडलं असतं. भावाला मात्र ते लागलं. दारात सालदार गडी असताना माझा भाऊ कावड वाहतो, लोक मला हसतात, असं तो दोनदा म्हणाला. हसू दे, मी म्हटलं. सालदार दे असं मी म्हटलं नाही, आणि त्यानेही देतो म्हटलं नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत खांदा सोलून निघाला. बायकोने जुन्या लुगड्याची गादी शिवली आणि कावडीला बांधून ठेवली. गुढीपाडव्यानंतर झिरा खोल गेला, पाणी वाटीवाटीनं भरावं लागे. तिथे आधी बायकांची पाळी. मी लांब वाळूत बसून राहायचो, त्यांचं झालं की उठायचो. तासतास जायचा. पण विहिरीवर आयती मोट असताना मी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

चैताच्या उन्हात सगळं गाव करपलं होतं, आणि सोळा मडक्यांभोवती हिरवं होतं. आधी भेंडी आली, मग काकडी. डांगराच्या वेलांना फुलं भरपूर, फळ धरलं तेही बरंच गळलं. चार-पाच टिकली. त्यातलं एकच मोठं. मी रोज गुडघ्यावर बसून त्याचा वास घ्यायचो. चाचाने सांगितलं होतं, पिकलं की वास सुटतो, देठ आपणच सुटतो, चाकू लागत नाही. आखाजी चार दिवसांवर आली, वास नाही. दोन दिवसांवर आली, सालीवर जाळी उमटली, वास नाही.

आदल्या दिवशी झिऱ्यावर गेलो तर चाचाने हाक मारली. त्याच्या हातात डांगर होतं, पिवळं, वास दहा हातांवरून येत होता. त्याचं लवकरचं, मोकळ्या वाळूतलं. घेऊन जा म्हणाला, एका बीचीच ती भावंडं, कोणाला समजतं?

"मले समजते," मी म्हटलं.

त्याने ते डांगर परत टोपलीत ठेवलं आणि म्हणाला, "बापावर गेले." नंतर मला कोणी पगडी बांधली असती तरी एवढं वाटलं नसतं.

आखाजीच्या सकाळी मी माझं डांगर चाकूने कापून आणलं. देठातून पाण्यासारखा चीक आला. घागरीवर ठेवलं. भाऊ पूजेला बसला, त्याने ते उचलून नाकाशी नेलं.

"हे पिकलं नाई," तो म्हणाला.

"नाई," मी म्हटलं.

त्याने ते परत घागरीवर ठेवलं, नीट, देठ वर करून. जेवणात पुरणपोळी, चिंचवणी, आणि आमची भेंडी, आमची काकडी. भाऊ काकडीची कोशिंबीर तीनदा घेऊन जेवला. पण वायदा तो वायदा. मी हरलो होतो हे मला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो नांगर घेऊन सांदवाडीत आला. मी कावड घेऊन नुकता परत आलो होतो. मी आडवा गेलो नाही, शब्द दिला होता. पण पाणी ओतायचं थांबलोही नाही. तो कुंपणाकडून एकेक तास धरत येत होता, त्याच्या बैलांच्या घंटा वाजत होत्या, आणि मी एकेक मडकं भरत होतो. नवव्या मडक्याशी मी असताना घंटा थांबल्या. वर पाहिलं तर भाऊ पहिल्या मडक्यापाशी वाकला होता. त्याने आत बोट बुडवून जिभेवर लावलं.

"झिऱ्याचं?"

"हो."

"बाची मडकी बी अशीच होती? आपुन फोडली थे?"

"हो."

तो उभा राहिला. माझ्या कावडीच्या गादीकडे पाहिलं, मग बैलांकडे. आमच्या घरात कोणी चुकलो असं म्हणत नाही, आणि तो माझा मोठा भाऊ.

"जेवढ्याले पानी वाहशील तेवढी तुही," तो म्हणाला. "बाकी माही." आणि त्याने बैल वळवले.

बापाच्या घागरीवरचं ते कच्चं डांगर बायकोने भाजीत चिरून टाकलं. पण आठव्या दिवशी दुसऱ्या एका वेलावरचं फळ माझा हात लागताच सुटून आलं. ओसरीपर्यंत वास गेला. ते मी भावासमोर नेऊन ठेवलं. त्याने ते कापलं, पहिली फाक उचलली, मला वाटलं खाईल. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ती फाक ठेवून खाकरला. भासरा धाकट्या भावजयीशी याहून जास्त बोलू शकत नाही. मग परत येऊन त्याने दुसरी फाक मला दिली आणि तिसरी स्वतः घेतली.

पुढल्या साली वसंतपंचमीच्या आधीच मी कुंभाराकडे जाऊन चाळीस मडकी सांगितली. मिरगात भावाने सांदवाडीत सरकी टोचायला घेतली, तेव्हा पहिलं तास त्याने एक्केचाळिसाव्या मडक्याच्या जागेपासून धरलं.