मकरपुऱ्याच्या स्टॉपवर कुणीच नाही

शहराची वाहतूक सुधारायला बसलं की वाहतूक सुधारो न सुधारो, किस्से मात्र साठत जातात. बडोद्याला रावपुऱ्यात आमचं आराखड्याचं ऑफिस होतं. वर्षानुवर्षं नंबर लावून न बसता स्कूटर मिळायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. तिथे जे पाहिलं ते आठवलं की अजून डोक्याला हात लावतो!

*

मोहिते साहेबांनी एकदा फर्मान काढलं, "शुक्रवारी सगळ्यांनी सायकलने यायचं. आपणच नाही आलो तर गाव काय ऐकणार?"

शुक्रवारी आमचे पटेलभाई आले रिक्षातून. मागे सायकल बांधलेली!

"अहो, हे काय?"

"रस्त्यात पंक्चर झालं असतं, तो साहेबने शुं बतावत? दाखवायला सायकल तर धड हवी!"

*

मग रस्त्याकडेला पट्टा आखून सायकल ट्रॅक केला. आठवड्याने पाहायला गेलो, तर नजर पोचेल तिथवर स्कूटर्स! एक दुकानदार धावत आला आणि त्याने साहेबांचे हातच धरले. "बहु सरस पार्किंग बनाव्युं, साहेब!"

साहेब त्याला रागावणार तरी कसे? आमची जीपही तिथेच लावलेली.

*

हरणीच्या सोसायट्यांनी बस मागितली. दिली. स्टॉपचा खांब रोवायला गेलो तर पहिली सोसायटी म्हणे, "आमच्या गेटपुढे गर्दी नको, पुढे लावा." पुढचीही तेच म्हणाली. खांब सरकत सरकत विमानतळाच्या भिंतीला टेकला!

हरणीचे एक आजोबा तिथवर चालत आले आणि धापा टाकत म्हणाले, "आता मला बसपेक्षा विमान जवळ!"

*

पण खरा हादरा मकरपुऱ्याने दिला. तिथून सकाळी रावपुऱ्याला येणारी बस तोट्यात म्हणून बंद करायचं चाललं होतं. आमच्याकडे नकाशे काढणाऱ्या सुलभाताई त्याच बसने यायच्या. स्कूटर चालवता येत नव्हती, रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. बस गेली की नोकरी गेली. जीव टांगणीला लागला होता त्यांचा.

साहेब म्हणाले, "स्टॉपवर किती माणसं चढतात ते मोजा, मग ठरवू."

मी आणि पटेलभाई गेलो. ताई आणि आणखी चार-पाच जण उन्हात उभे, आणि माझ्या स्कूटरची मागची सीट रिकामी! बडोद्याच्या माणसाला हे बघवतं होय? ताईंना मी घेऊन आलो. पटेलभाई मोजायला मागे थांबले, तर त्यांनी जाणाऱ्या स्कूटरींना हात करकरून एकेकाला बसवून दिलं. मग बस आली. चढायला कुणीच नाही. त्यांनी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं!

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मकरपुऱ्याला बसची गरज दिसत नाही."

ताई ताडकन उठल्या. "गरज नाही? अहो, मी उभी होते तिथे! यांनीच मला उचलून आणलं!"

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

*

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मोजायला आले. मी सोबत होतो, दोघे आपापल्या स्कूटरवर. पाहतो तर स्टॉपवर ही रांग! ताईंनी आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन बजावलं होतं, "उद्या कुणी कुणाच्या स्कूटरवर बसायचं नाही."

बस आली. साहेब चढणारं एकेक माणूस मोजत होते. रेटारेटी झाली, दारात लोंबकळायलाही जागा उरली नाही. बस गेली आणि धुरळा खाली बसला, तर स्टॉपवर एकट्या ताई!

साहेबांनी स्कूटरला किक मारली. हळूच म्हणाले, "चला सुलभाताई, बसा मागे. उशीर होईल."

ताईंनी पदर खोचला. जागच्या हलल्या नाहीत.

"बसते. पण आधी मला मोजा!"