स, त आणि न

शहरभर एकच बोलणं होतं. कोर्टातल्या स्टेनोबाईनं म्हणे सैतानाशी संधान बांधलं आणि भर कोर्टात कागदावरून त्याचं नाव उडवलं. दूधवाल्याच्या मते तिची पेन्सिल आपोआप चालते. जिन्याखालच्या आजी तर शपथेवर सांगायच्या, "मी डोळ्यांनी नाही हो पाहिलं, पण ज्यानं पाहिलं त्याच्या मेव्हण्याला मी चांगली ओळखते."

यातलं नाव उडवलं एवढंच खरं. ते कागदावर आलं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. ते आणलं होतं स्टेनोबाईनं, म्हणजे मावशीनंच.

मावशी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो आहे. न्यायाधीशांच्या उंच टेबलाखाली तिचं बुटकं टेबल. त्यावर चार टोकदार पेन्सिली, वही, आणि पाठीला लावायची चपटी झालेली उशी. लोक बोलतात, ती रेघोट्या मारते. "माझ्या हातून काना-मात्रा इकडची तिकडे होत नाही," हे ती इतक्या शांतपणे सांगते की ऐकणाऱ्याला ती फुशारकी वाटतच नाही. लघुलिपीत काना-मात्रा जवळजवळ नसतातच, हे ती सांगत नाही.

यंदा प्रार्थनाघराच्या फाटकाशी तीन मांजरं मरून पडली. चौथ्या दिवशी शाळेत एक मुलगी चक्कर येऊन पडली. पाचव्या दिवशी धर्मगुरूंनी प्रवचनात डोळे मिटून "सैऽऽतान" असा शब्द काढला. शेवटचा न त्यांच्या नाकात बराच वेळ राहिला, आणि संध्याकाळपर्यंत शहराला सैतान सापडला: पुस्तकं बांधणारा बाइंडर. बिचाऱ्याच्या दुकानात काय नव्हतं? चामडं, आरी, पातळ सुऱ्या, पानांच्या कडा रंगवायची लाल शाई, आणि उकळत्या सरसाचा असा वास की मेलेला उठून बसावा. एकटा राहणारा, प्रार्थनेला न जाणारा माणूस. झालं. सैतानाची पूजा मांडतो आणि लेकरांना धाक घालतो, असा आरोप ठेवून त्याला आत टाकलं.

पुरावा म्हणाल तर शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीची जबानी. ती मावशीनंच वहीत टिपली होती आणि त्याच संध्याकाळी टाइप केली होती. त्यात बाइंडरचं म्हणून एक वाक्य होतं: "सैतान बांधतो, मग सुटत नाही."

खटल्याच्या दिवशी कोर्ट खच्चून भरलं. न्यायाधीशांनी कामकाजाआधी सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. असं पूर्वी कधी होत नसे. सैतानाच्या विषयातले जाणकार म्हणून धर्मगुरूंना वकिलांच्या रांगेत गादीची खुर्ची मिळाली. सरकारी वकील घसा खाकरून, एक बोट वर करून उभे राहिले.

"महाराज, नऊ वर्षांच्या कोवळ्या, निष्पाप, अजाण लेकराला हा इसम काय म्हणाला? हा इसम म्हणाला," आणि इथे वकिलांनी धर्मगुरूंचाच आवाज काढायचा प्रयत्न केला, "सैतान बांधतो, मग सुटत नाही."

मावशीनं सवयीनं रेघ ओढली. स, त, न. आणि तिचा हात थांबला.

स, त, न. मधले स्वर वाचणाऱ्यानं आपले आपण भरायचे. तिनं खणातून जुनी वही काढली, पान उलटलं. तेच वाक्य, तीच रेघ. त्याच्या वरच्या ओळीत मुलीचा प्रश्न होता: "नुसतं चिकटवत का नाही?" म्हणजे पुस्तकाबद्दल. आणि बाइंडर म्हणाला होता, सुतानं बांधतो, मग सुटत नाही.

सुतानं. ती जबानी टाइप केली त्या दिवशी भाजीवाल्यापासून शिपायापर्यंत शहर एकच शब्द चघळत होतं, आणि तिच्या बोटांनी तोच उमटवला होता. बोलावं तर एकतीस वर्षांची इभ्रत जाणार, कदाचित नोकरीही. न बोलावं तर समोर पिंजऱ्यात उभा असलेला, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेला माणूस दहा वर्षं आत जाणार.

ती उठली. "साहेब, त्या वाक्यात चूक आहे. चूक माझी आहे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून खाली पाहिलं. "स्टेनोनं कोर्टात बोलायचं नसतं, बाई."

"मग माझ्या कागदानंही बोलू नये, साहेब. तोच तर मघापासून बोलतोय."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मावशीनं रेघ दाखवली, वरची ओळ वाचली, सूत समजावलं. सरकारी वकील म्हणाले, "ही सारवासारव आहे, महाराज, ही शुद्ध सारवासारव आहे." न्यायाधीशांनी गादीच्या खुर्चीकडे पाहिलं. धर्मगुरूंनी डोळे न उघडता सावकाश नकारार्थी मान हलवली. न्यायाधीशांनी तोंड उघडलं.

"साहेब, एक विचारते," मावशी पेन्सिल धरून म्हणाली. "मान हलली ती कुणाच्या नावावर लिहू? ह्यांच्या की कोर्टाच्या? नोंद चोख हवी."

धर्मगुरूंचे डोळे उघडले. न्यायाधीशांचं तोंड मिटलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "मुलीला बोलवा."

मुलगी आली. न्यायाधीशांनी विचारलं, काका कशानं बांधतात म्हणाले होते?

"सुतानं," मुलगी म्हणाली. मोठ्या माणसांना एवढंही कळत नाही याचा तिला कंटाळा आला होता. "पांढऱ्या. मला रीळ पण दिलं होतं धरायला."

"आणि सैतान?"

"तो यांच्याकडे असतो," म्हणत तिनं गादीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

पंधरा दिवसांत बाइंडर सुटला. मांजरांचं कोडं गोदामवाल्यानं सोडवलं. उंदरांसाठी औषध घातलं होतं, एवढंच म्हणाला, आणि इतके दिवस का नाही बोललास विचारल्यावर म्हणाला, "मला कुणी विचारलं?" दुकान उघडल्यावर बाइंडर मावशीच्या घरी आला, दारातच उभा राहिला. "ताई, तुम्ही स्वतःचं नाक कापून माझी मान वाचवलीत."

"नाक जागेवर आहे," मावशी म्हणाली. "आत या, चहा घ्या."

मावशीला मात्र खुलासा मागणारी नोटीस आली. तिची भाची, म्हणजे हे लिहिणारी, जी सदा कुणाच्या ना कुणाच्या नकलेतच बोलते, ती वकिलांसारखं बोट वर करून म्हणाली, "मावशे, गोलमाल काहीतरी लिही, तब्येत बरी नव्हती वगैरे. खरं लिहिलंस तर महिन्याच्या आत नोकरी जाऊन घरी बसशील. लाव पैज."

"लावली," म्हणत मावशीनं तिथल्या तिथे लिहिलं: "ऐकलं बरोबर. टिपलं बरोबर. वाचताना शहराच्या कानांनी वाचलं. पुन्हा होणार नाही."

महिना संपायच्या आतच फायलीत ताकीद लागली आणि विषय मिटला. चौकशीपुरत्या तिच्या जागी आलेल्या स्टेनोनं तर दोन दिवसांतच न्यायाधीशांना इतकं हैराण केलं होतं की तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई धावत आला, "बाई, साहेब म्हणतात, लवकर या. आणि प्रार्थना आता बंद केलीय म्हणून सांगायला सांगितलंय."

पैजेत ठरलं होतं की हरणाऱ्यानं आठवडाभर कुणाचीही नक्कल न करता, फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं. भाची दोन दिवस गप्पच आहे.