प्लेटची मागची बाजू

एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवल्याचा तोटा असा, की मेथीची जुडी निवडतानाही माणूस तिचं कूळ काढत बसतो. निवृत्तीनंतर घरातल्या झाडून सगळ्या कुंड्यांना लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या लावून झाल्या आणि माझी नजर आईच्या कपाटाकडे वळली. तिथे लुगड्यांखाली चिनी मातीच्या सहा प्लेट्स होत्या. प्रत्येकीवर एक वेगळं फूलझाड, हाताने रंगवलेलं, काठाला सोनेरी रेघ.

देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यात आई स्वयंपाकाला होती. तिथल्या बाई कायमच्या परदेशी, मुलाकडे निघाल्या तेव्हा त्यांनी त्या दिल्या, असं आई आजही सांगते. पण नाशिकरोडच्या आमच्या घरात त्या शोकेसमध्ये कधी आल्या नाहीत, त्यांच्यावर कोणी जेवलंही नाही. "राहू दे, लोकांच्या डोळ्यावर येतं," एवढंच आईचं म्हणणं.

फुलं ओळखायला मला अर्धा तास लागला. डिजिटॅलिस, प्रिमरोज, ब्लूबेल अशी सगळी थंड मुलखातली मंडळी. रानस्ट्रॉबेरीला चित्रकाराने सहा पाकळ्या काढल्या होत्या. असतात पाच. मी मनातल्या मनात अर्धा मार्क कापला.

फुलांचं झालं, प्लेट्सचं वय काढायचं राहिलं. इंटरनेटवर चार दिवस डोळे फोडल्यावर कळलं, की जुन्या प्लेटची जन्मपत्रिका मागे असते. कारखान्याचा छाप, नक्षीचा क्रमांक, कधी फुलाचं नाव. देशाचं नाव छापलेलं असेल तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीची किंवा त्यानंतरची. मला हसू आलं. आपल्याकडे तरी वेगळं काय? स्टीलचा डबा पालथा करा, कोणी, कोणाला, कुठल्या लग्नात दिला ते तारखेसकट कोरलेलं असतं.

आईच्या प्लेट्सच्या मागे मात्र दोनच गोष्टी होत्या. तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेलं आईचं नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट. शेजारी रुपयाएवढा एक निस्तेज, घासलेला डाग.

एक प्लेट घेऊन मी भद्रकालीत जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. दुकानदार चाचांनी फुलाकडे पाहिलंही नाही, थेट पालथी केली. "मॅडम, माल आगे से नहीं, पीछे से देखते हैं," ते म्हणाले. मग अंगठा त्या डागावर फिरवला. "कोणीतरी मुद्दाम घासलंय. असं का घासतात, आम्हाला धंद्यात माहीत असतं." त्यांनी अदबीने प्लेट परत दिली, चहाही विचारला. मी चहा न घेता रिक्षात बसले.

कारण कोणी घासलं ते मला माहीत होतं. मी दहा वर्षांची होते. आई सार्वजनिक नळावर विटेच्या भुकटीने त्या प्लेट्सच्या पाठी घासत होती, दात-ओठ खाऊन, आणि मी हातात कळशी घेऊन बघत होते. त्याच आठवड्यात आत्या कुजबुजली होती, "अशा बश्या कोन फुकट देतं व्हय?" तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न होता आणि मी तो कधी विचारला नव्हता. जिने दुसऱ्यांच्या घरी राबून मला शिकवलं, तिला हे विचारायचं म्हणजे काय, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला उत्तराची भीती वाटायची.

घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजेड तिरपा धरला. झिलईवर रंगाने लिहिलेलं घासून गेलं, तरी कधीकधी त्याची पुसट खूण उरते, असं वाचलं होतं. पाच प्लेट्सनी दाद दिली नाही. ब्लूबेलच्या मागे अक्षरं उमटली: सिला नूटान्स.

हे त्या फुलाचं जुनं नाव! आता ते कोणी वापरत नाही. शिवाय देशाचं नाव झिलईखाली छापतात, ते विटेच्या भुकटीने जात नाही, म्हणजे ते मुळात नव्हतंच. प्लेट्स शंभराहून अधिक वर्षांच्या असाव्यात. पण मला आता वयाशी देणंघेणं नव्हतं. घासण्याआधी तिथे फक्त फुलाचं नाव होतं, कुठल्या मालकिणीचं नाही.

आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी विचारलं, "आई, या मागून का घासल्या होत्यास?"

"मागं इंग्रजीत त्यांचं नाव व्हतं म्हनून," ती म्हणाली. "बाईंनी सोताच्या हातानं दिल्या, पन त्या गेल्या इमानात. दुसऱ्याच्या नावाचं भांडं आपल्या घरात दिसलं, तर लोक काय म्हनतील? मी कोनाला साक्षीला आननार व्हते? भांड्यावर नाव टाकनारा म्हनला, हे तडकंल. मग नंबरप्लेट रंगवनाऱ्याकडून माझं नाव घालून घेतलं."

"अगं, ते बाईंचं नाव नव्हतं. फुलाचं होतं."

आईने लसूण खाली ठेवला. "फुलाचं?"

"हो. या निळ्या फुलाचं."

"म्हंजी यवढी वर्सं मी उगाच लपवल्या?" ती खो-खो हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू आवरून तिने माझ्याकडे पाहिलं. "तू व्हतीस ना तवा नळावर, कळशी घेऊन? तुला काय वाटलं?"

थाप मारता आली असती. मी खाली मान घालून म्हणाले, "आत्या म्हणाली तेच."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा बोलायचीच बंद होईल. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आईने पुन्हा एक पाकळी उचलली आणि सोलली. "मग इचारायचं ना गं तवाच," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं."

थोड्या वेळाने तिने शोकेसमधल्या माझ्या ट्रॉफ्या बाजूला करायला लावल्या. मी ब्लूबेलची प्लेट फूल समोर ठेवून लावू लागले.

"अशी नको," आई म्हणाली. "पाठ इकडं कर."

सहाही प्लेट्स आता तशाच उभ्या आहेत. फुलं भिंतीकडे, नाव लोकांकडे.