कोपऱ्यातले सर

आमच्या माले गावात भिंतीवर नकाशा टांगला, तर तो जमिनीचाच असतो. त्यामुळे मी पुढच्या खोलीत चांगला रुंद फ्लेक्स लावला, तेव्हा शेजारच्या तात्यांनी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, कुठला गट विकला? मी म्हटलं, विकला नाही तात्या, हा माझ्या पीएच.डी.चा नकाशा आहे. शिकलेल्या बाईला खोटंही धड बोलता येऊ नये, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी लवळ्याच्या विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय, आपल्या खेड्यांतून रोज हिंजवडीच्या टॉवरमध्ये धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका. आधी कोणी कोणी काय लिहून ठेवलंय ते सगळं वाचायचं असतं, आणि त्यानं माझं डोकं भणभणलं होतं. मग एका मैत्रिणीनं एक सॉफ्टवेअर दाखवलं. त्याला लेख दिले की ते नकाशा काढून देतं. प्रत्येक लेखाचा एक गोल. एकानं दुसऱ्याचा संदर्भ दिला असेल तर दोघांत रेष. ज्याचा संदर्भ जास्त जणांनी दिला, त्याचा गोल मोठा. मी इतकी हरखले, की पौडला जाऊन त्याचा फ्लेक्सच छापून आणला! (फ्लेक्सवाल्यानं दोनदा विचारलं, मधे फोटो कुणाचा टाकायचा? खाली फुगे मात्र त्यानं न विचारताच टाकले. ते मी घरी येऊन कापले.)

त्या लेखांमध्ये आमच्या सरांचा, म्हणजे माझ्या गाईडचाही एक जुना लेख मी घातला होता. निव्वळ भक्तिभावानं. वाचला नव्हता. (सरांनी वाचायला सांगितलेलं वाचण्यातच जन्म जातो, सरांनी लिहिलेलं कधी वाचणार?) नकाशात सरांचा गोल अगदी खालच्या कोपऱ्यात आला, मुगाएवढा, एकटा. एकही रेष नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, मी आपला तो तसाच भिंतीवर ठोकला.

आता माझ्या दुसऱ्या प्रकरणावर सरांची सही हवी होती. सोमवारी ते समितीकडे गेलं नाही तर माझं वर्ष गेलं. आणि सर सहीच्या बाबतीत महाकंजूस. म्हणून मी त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं. गावरान कोंबडी खाल्लेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे माझं स्वतंत्र संशोधन.

रविवारी सकाळी सासूबाई फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा जुना उद्योग, कोण कुणाचं काय लागतं यात त्यांना भारी रस.

"प्रज्ञे, ह्यो कोपऱ्यातला कोन हाय?"

"ते आमचे सर."

"येकलेच?"

मी सांगितलं, त्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही, म्हणून एकटे. सासूबाईंचा चेहरा उतरला. माणसाला घरी जेवाय बोलवायचं आन भितीवर त्याला असं बसवायचं, ही कुठली रीत, असं त्या म्हणाल्या. मी हसले आणि वाटण वाटायला गेले. तिथंच चुकलं.

सर आले. बाहेर सासूबाईंचा जय भीम ऐकू आला, मी पाणी घेऊन गेले आणि उंबऱ्यातच थिजले. सरांच्या गोलाभोवती वाटी ठेवून नवा गोल काढलेला होता. माझ्या लेकीच्या हिरव्या स्केचपेननं! आणि त्या गोलातून रेषा निघून सगळ्या नकाशाभर गेल्या होत्या. सगळ्यांशी सोयरीक. साता समुद्रापलीकडच्या विद्वानांशीसुद्धा.

सर चष्मा वर करून बघत होते. "प्रज्ञा, हे हिरवं कुठलं सॉफ्टवेअर?"

मी नव्या व्हर्जनची थाप तयारच केली होती. पण सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "म्या काढल्यात त्या. तुमी येकलेच बसला व्हता तितं. मला न्हाई बरं वाटलं."

सरांनी चष्मा नाकावर घेतला. मग सासूबाईंना सांगू लागले, की हिंजवडीत पहिल्या इमारती उठत होत्या तेव्हा त्या लेखासाठी ते याच रस्त्यावरच्या थांब्यांवर बायकांशी बोलत उभे राहायचे. छापून आला, पण पुढे त्याचं कुणी काही विचारलं नाही. "रेषा खोट्या आहेत, ताई," ते म्हणाले, "पण तुम्हाला वाटलं, हे खरं."

मला फार लाज वाटली. तो गोल एकटा आहे हे आधी मीच पाहिलं होतं. पाहून मी काय केलं, तर पैसे देऊन तो मोठा छापून आणला.

जेवण उत्तम झालं. हात धुऊन सरांनी माझं प्रकरण उघडलं आणि माझं लाडकं वाक्य मोठ्यानं वाचलं, "गावात राहून रोज ये-जा करणाऱ्या कामकरी स्त्रियांवर आजवर कुणीही लिहिलेले नाही." पेन खिशात परत ठेवलं. "माझा लेख वाचलात?"

मी ताटं गोळा करायला लागले.

"वाचा. मग सही."

त्याच संध्याकाळी वाचला. थांबा, पहाटेचे डबे, मॅडमच्या वेळा, उशीर झाला की कापलेली रजा, मला लागलेले सगळे शोध सरांना आधीच लागून गेले होते! प्रकरण मुळापासून लिहावं लागलं. त्यातून माझा एक छोटा लेख छापून आला, आणि परवा मी त्या सॉफ्टवेअरकडून नवा नकाशा काढून घेतला. सरांना एक खरी रेष मिळाली आहे. आणि मला एक वर्ष वाढवून.