एफवायचं पुस्तक मी कसं ठरवलं

हे माझ्या बायकोला माहीत नाही, कॉलेजात तर कुणालाच नाही. आज पहिल्यांदाच बोलतोय, तेही तुमच्याजवळ. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

तसं पाहिलं तर एका पुस्तकाची गोष्ट. मी तलासरीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, विभागात सगळ्यांत जुना. एफवायला कुठलं पुस्तक लावायचं ते मीच ठरवायचो — म्हणजे ठरवायचं काय, दरवर्षी तेच जाडजूड पुस्तक. त्याच्या नोट्स मला तोंडपाठ. फळ्यावर आकृती काढायची, लिहून घ्या म्हणायचं. पोरं निमूट लिहून घ्यायची.

मग वैशाली मॅडम आल्या. तासिका तत्त्वावर — पुढच्या वर्षी असतील की नाही, कुणी सांगावं. त्यांनी दुसरं पुस्तक सुचवलं, साध्या मराठीतलं. प्रत्येक धड्याखाली एकच काम : हे तुमच्या गावात खरं ठरतं का, विचारून या. मला ते पुस्तक पहिल्यापासून खटकलं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. की कळलं होतं?

प्राचार्य म्हणाले, आठवडाभर वर्गात वापरून बघा आणि अहवाल द्या. वापरलं. आणि खरं सांगू? वर्ग जागा झाला. किनाऱ्यावरच्या वरोरची पोरं मासळीच्या लिलावावरून आपसात वाद घालायला लागली. ज्यांची नावंही मला येत नव्हती, ती मागच्या बाकांवरून हात वर करू लागली.

त्यांत सुनीता होती. कैनाडची, आईवडील मजुरीला जाणारे, घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. त्याच आठवड्यात एकदा मी फळ्यावर नेहमीची आकृती काढली — मजुरी वाढली की माणसं जास्त दिवस कामाला येतात, रेघ वर जाते. ती उठून उभी राहिली.

"सर, असं नाय होत. चिकूच्या वाडीत मजुरी वाढली तर आई कमी दिवस जाते. तेवढ्यात भागतं, मग घरचं शेत बघते."

मी वळून फळ्यावरच्या रेघेकडे पाहिलं. साठ पोरं माझ्याकडे बघत होती आणि माझे कान तापले. मी म्हणालो, "तुझ्या घरच्या कहाण्या ऐकायला मी इथे उभा नाही. नियम तो नियम. बस खाली." वर्ग हसला. मीही हसलो. ती बसली.

स्टाफरूममध्ये येऊन ते पुस्तक उघडलं. चार पानं पुढे तिचंच म्हणणं छापलेलं होतं, आकृतीसकट — मजुरी एका मर्यादेपलीकडे गेली की रेघ मागे वळते. माझ्या जाड पुस्तकातही होतं, तळटीपेत. ती तळटीप मी दरवर्षी गाळत आलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन एवढंच सांगायचं होतं ना? कितीसं अवघड होतं?

मी अहवाल लिहायला घेतला. 'विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. सदर पुस्तक या वर्गास अनुकूल नाही.' गोंधळ माझा उडाला होता. असली पोरं रोज समोर उभी राहिली तर माझं पितळ उघडं पडेल, याची मला भीती वाटली. वैशाली मॅडमनी विचारलं, "सर, पोरांना खरंच नाही समजलं?" मी म्हणालो, "नाही हो." डोळ्यांत डोळे घालून, सहज.

जाड पुस्तक परत आलं. सुनीता वर्गात यायची, खाली मान घालून लिहून घ्यायची. वर्षभरात तिचा हात पुन्हा वर झाला नाही. अर्थशास्त्रात नापास झाली, परत बसली, परत नापास. मग यायचीच बंद झाली. मी चौकशी केली नाही.

परवा डहाणूच्या बाजारात भेटली. तिनेच ओळखलं, भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. चिकूच्या वाडीत जाते म्हणाली, आईबरोबर. मग जरा हसून म्हणाली, "सर, तुम्ही एवढं शिकवलंत, पण माझंच डोकं कमी पडलं."

मला कसली घाई नव्हती. तुझं बरोबर होतं — एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"असू दे गं, विषयच कठीण आहे तो," असं म्हणालो आणि रिक्षात बसलो.